नाव एकाचे, वाटा सर्वांचा



घरातला कर्ता माणूस गेला की पहिले काही दिवस घर माणसांनी भरलेले असते. जलदान विधी आणि पुण्यानुमोदन होईपर्यंत मुंबईकडचे, नगरकडचे, सोलापूरकडचे नातलग येऊन जातात. मग जो तो आपल्या कामाला लागतो. मागे राहते ती विधवा, मुले आणि पत्र्याची एक पेटी. पेटीत रेशनकार्ड असते, कंपनीचा जुना बिल्ला असतो, विम्याच्या पावत्या असतात, पतपेढीचे पासबुक असते. आणि तळाशी एखादा जाड, रंगीत, इंग्रजीत छापलेला कागद असतो. त्याला शेअर सर्टिफिकेट म्हणतात हे घरात कुणाला ठाऊक नसते. ठाऊक असले तरी त्याची आजची किंमत किती, आणि तो आता कुणाचा, हे ठाऊक नसते.

आपल्या माणसांचा आणि शेअर बाजाराचा काय संबंध, असे कुणी म्हणेल. पण लोणी काळभोर, कदमवाकवस्ती, थेऊर, कुंजीरवाडी या पट्ट्यातली आपली पुष्कळ माणसे सोलापूर रस्त्याने हडपसरच्या कारखान्यांत कामाला गेली. काही लोणीतल्याच तेल कंपन्यांच्या डेपोत लागली. कुणाला कंपनीने कामगार म्हणून शेअर देऊ केले, कुणी सोबत्याचे पाहून हजार-दोन हजारांचा अर्ज भरला. ज्यांच्याकडे थोडी ऊसाची जमीन होती त्यांनी थेऊरच्या यशवंत सहकारी साखर कारखान्याचा शेअर घेतला. कामगार पतपेढीचा शेअर तर बहुतेकांच्या पगारातून कापला जात होता. तेव्हा हा प्रश्न आपल्याही घरातला आहे.

आमच्याकडे येणाऱ्या पत्रांत एक तक्रार पुन्हा पुन्हा असते. "बाबा जाऊन तीन वर्षे झाली, शेअर अजून आईच्या नावावर होत नाहीत. कंपनी दाद देत नाही. काय करावे?" या वेळी याच प्रश्नाविषयी लिहायचे आम्ही ठरवले आहे.

तीन वर्षांचा हिशोब

लोणी स्टेशनजवळ राहणाऱ्या एका ताईंचे सगळे कागद आम्ही मांडी घालून, तारखा लावून पाहिले. नवरा हडपसरला नोकरीला होता, ससूनमध्ये वारला. त्याच्या नावाने एका कंपनीचे शेअर होते, कागदी स्वरूपात. नॉमिनी म्हणून कुणाचेही नाव दिलेले नव्हते. ताई एका कॉलेजात साफसफाईचे काम करतात. थोरली मुलगी नर्सिंगला आहे, तिची फी भरायची होती. त्या शेअरच्या पैशावर त्यांची सगळी भिस्त होती.

पहिले दोन महिने मृत्यूच्या दाखल्यात गेले. ताई लोणीच्या ग्रामपंचायतीत खेटे घालत होत्या. पण मृत्यूची नोंद माणूस राहतो तिथे होत नाही. तो जिथे वारला तिथे होते. ससूनमध्ये वारलेल्या माणसाचा दाखला पुणे महापालिकेकडून मिळतो, लोणीत घरी किंवा लोणीतल्या दवाखान्यात वारलेल्याचा ग्रामपंचायतीकडून. एवढी गोष्ट कुणी सांगितली असती तर रोज बुडवून मारलेले हेलपाटे वाचले असते.

दाखला मिळाला, तो कंपनीला पाठवला. उत्तर आले, शेअरवरचे नाव आणि दाखल्यावरचे नाव जुळत नाही. त्याची पूर्तता केली. उत्तर आले, सर्व वारसांचे ना-हरकत पत्र जोडा. ते जोडले. उत्तर आले, मयताची आई हयात आहे काय, असल्यास तिचीही सही हवी. सासूबाई धाकट्या मुलाकडे सासवडला. धाकटे दीर म्हणाले, "आईची सही कशाला? नंतर काही भानगड झाली तर?" त्यात आठ महिने गेले. मग बँकेकडून सहीची खातरजमा करून आणा, असे पत्र आले. दर पत्रामागे दीड-दोन महिने.

या तीन वर्षांपैकी कंपनीच्या टेबलावर किती आणि आपल्या घरात किती गेली, हे आम्ही मोजून पाहिले. निम्म्याहून अधिक काळ घरातच गेला होता. कंपनीचा दोष नव्हता असे आम्ही म्हणत नाही. मागायचे ते कागद एकदम न मागता एकेक मागणे हा गरिबाला दमवण्याचाच प्रकार आहे. पण कंपनीशी भांडायचे तर आधी आपली बाजू पक्की हवी, आणि ती पक्की करणे आपल्या हातात आहे. उशीर कुठे कुठे होतो ते आता एकेक पाहू.

नावाचा घोळ

आपल्या घरांत नावाचा घोळ इतरांपेक्षा जास्त आहे, आणि त्यामागे आपला इतिहास आहे. आजोबांनी मुलाचे नाव दगडू नाहीतर धोंडू ठेवले. १९५६ नंतर तो मुलगा गौतम किंवा आनंद झाला. शाळेच्या दाखल्यावर एक नाव, कंपनीच्या मस्टरवर दुसरे, मतदार यादीत तिसरे. कुणी आडनाव बदलले, पण राजपत्रात प्रसिद्ध केले नाही. शेअरचा अर्ज भरणाऱ्या एजंटाने तर नुसती इंग्रजी आद्याक्षरे लिहिली.

यावर उपाय आहे. ही दोन्ही नावे एकाच व्यक्तीची, असे प्रतिज्ञापत्र करावे लागते. त्याला जुने कागद जोडावेत, म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला, कंपनीचे ओळखपत्र, पेन्शनचा कागद. राजपत्राची प्रत असेल तर फारच उत्तम. विधवेच्या माहेरच्या आणि सासरच्या नावाचेही तसेच. लग्न विहारात लागले, भन्तेंनी किंवा बौद्धाचार्यांनी लावले, फोटो आहेत, पण नोंदणी नाही, अशी कितीतरी घरे आहेत. पुढे पत्नी म्हणून हक्क सांगताना लग्नाच्या नोंदणीचा दाखला हाताशी असला की वाद उरत नाही. ज्यांनी तो काढला नाही त्यांनी नवरा-बायको दोघे हयात असतानाच काढून ठेवावा.

नॉमिनी म्हणजे मालक नव्हे

सर्वांत जास्त घरे फुटतात ती या एका शब्दावरून. "कागदावर माझे नाव आहे, म्हणजे पैसा माझा," असे नॉमिनी म्हणतो. बाकीच्यांनाही ते खरे वाटते. बहिणी गप्प बसतात, किंवा भांडून कोर्टात जातात.

हा घोळ मोठमोठ्यांच्या घरातही झाला आहे. २०१० साली मुंबई उच्च न्यायालयात एका विधवेचा दावा आला. नवऱ्याचे शेअर सारस्वत बँकेतल्या डीमॅट खात्यात होते आणि नॉमिनी म्हणून पुतण्याचे नाव होते. न्यायालयाने निकाल दिला की शेअर नॉमिनीला मिळतील. त्या निकालाने अनेक विधवांच्या पोटात गोळा आला. पुढे 'कालनिर्णय' दिनदर्शिकेचे संस्थापक जयंत साळगावकर यांच्या निधनानंतर त्यांच्या गुंतवणुकीवरून तसाच वाद उभा राहिला. साळगावकर २०१३ साली वारले, २०१४ साली दावा दाखल झाला. २०१६ मध्ये उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने सांगितले की २०१० चा निकाल बरोबर नव्हता. वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. १४ डिसेंबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की कंपनीच्या शेअरवर नॉमिनीचे नाव असल्याने तो मालक होत नाही. मालकी वारसा कायद्याने किंवा मृत्युपत्राने ठरते.

माणूस गेल्यापासून शेवटच्या निकालापर्यंत दहा वर्षे लागली. ज्यांच्याकडे नामांकित वकील होते त्यांना दहा वर्षे लागली, मग आपल्या घरात वाद पेटला तर काय होईल, याचा विचार करावा.

मग नॉमिनीचे काम काय? कंपनीला कुणाच्या तरी हातात शेअर सोपवून मोकळे व्हायचे असते. त्यासाठी तो माणूस. लग्नाच्या वऱ्हाडात एकाच्या हातात सगळ्यांची तिकिटे दिली म्हणून सगळ्या जागा त्याच्या होत नाहीत. नॉमिनीने शेअर आपल्या नावावर घ्यावेत आणि वारसांना त्यांच्या वाट्याप्रमाणे द्यावेत. हे देणे म्हणजे विक्री नव्हे. नॉमिनीकडून वारसाकडे शेअर जाताना त्याची नोंद वेगळी करावी, म्हणजे कर आकारणीत घोटाळा होणार नाही, अशी सोय सेबीने २०२५ साली परिपत्रक काढून केली आहे. सेबी म्हणजे शेअर बाजारावर देखरेख ठेवणारे सरकारी मंडळ.

नॉमिनी दाद देत नसेल तर वारसांनी कंपनीला आणि तिच्या रजिस्ट्रारला वाद असल्याचे लेखी कळवावे आणि वेळ न घालवता वकिलाचा सल्ला घ्यावा. एकदा शेअर विकून पैसा खर्च झाला की मागे काही उरत नाही.

वाटा कुणाकुणाचा?

आपण बौद्ध असलो तरी वारशाच्या बाबतीत १९५६ चा हिंदू वारसा कायदाच आपल्याला लागू होतो. कलम २ मध्ये बौद्ध, जैन, शीख यांचा स्पष्ट उल्लेख आहे. पुरुषाने स्वतःच्या कमाईतून घेतलेले शेअर, त्याने मृत्युपत्र केले नसेल तर, पहिल्या वर्गाच्या वारसांना सारख्या वाट्याने जातात. त्यात पत्नी, मुलगे, मुली आणि मयताची आई येते. मयताचे वडील या पहिल्या वर्गात नाहीत, आई आहे. एखादा मुलगा किंवा मुलगी आधीच वारली असेल तर तिच्या मुलाबाळांना तिचा वाटा मिळतो.

समजा १०० शेअर आहेत. मागे पत्नी, दोन मुलगे, एक मुलगी आणि आई आहे. वाटे झाले पाच. प्रत्येकाला २० शेअर. मुलीचे लग्न झाले, तिला हुंड्याऐवजी भांडी दिली, तिच्या लग्नाला खर्च केला, यातले कोणतेही कारण तिचे २० शेअर कमी करू शकत नाही.

मुलीला हा हक्क सहज मिळालेला नाही. स्त्रीला वारशात हक्क देणारे हिंदू कोड बिल अडवले गेले तेव्हा बाबासाहेबांनी १९५१ साली कायदामंत्रिपदाचा राजीनामा दिला. राजीनाम्याच्या कारणांत ते एक मोठे कारण होते. ज्या घराच्या भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर आहे त्या घरात बहिणीपुढे कोरा कागद ठेवून "कर इथे सही" म्हणणे शोभत नाही. आम्ही हे कठोरपणे लिहीत आहोत, कारण अशा सह्या घेतल्याची पत्रे आमच्याकडे येतात.

बहिणींनाही आमचे सांगणे आहे. ना-हरकत पत्र म्हणजे नुसती ओळखीची सही नव्हे. "माझी हरकत नाही, शेअर माझ्या भावाच्या नावावर करा" असे लिहून दिले की कंपनी सगळे शेअर भावाच्या नावावर करते. पुढे वाटा मागायचा तर कंपनी ऐकणार नाही. आईसाठी हक्क सोडायचा असेल तर समजून उमजून सोडा. सोडायचा नसेल तर आपसात समजुतीचा लेख करा. शेअर कुणाच्या नावावर होणार, विकले तर रक्कम कुणाला किती, कधी द्यायची, हे लिहून सर्वांच्या सह्या घ्या, प्रत्येकाकडे एक प्रत ठेवा. लोणीच्या त्या ताईंच्या घरी शेवटी असाच लेख झाला. सासूबाईंच्या वाट्याची रक्कम त्यांच्या बँक खात्यात जाईल असे लिहिले, तेव्हा धाकट्या दिरांची शंका मिटली आणि आठ महिने अडलेली सही एका दुपारी झाली. म्हातारीला तोपर्यंत कुणी सांगितलेच नव्हते की त्या कागदात तिचाही वाटा आहे.

कोर्टात कधी जावे?

दर वेळी कोर्टात जावे लागत नाही. नॉमिनी नसेल आणि वारसांत वाद नसेल, तर ठराविक किमतीपर्यंतचे शेअर प्रतिज्ञापत्र, नुकसानभरपाईचे हमीपत्र आणि बाकीच्या वारसांचे ना-हरकत पत्र यांवर वारसाच्या नावाने होतात. सेबीने २०२२ साली ही मर्यादा कागदी शेअरसाठी एका कंपनीमागे ५ लाख रुपये आणि डीमॅटसाठी एका खातेदारामागे १५ लाख रुपये अशी वाढवली. अशा मर्यादा वेळोवेळी बदलतात, म्हणून अर्ज करण्याच्या दिवशीची मर्यादा रजिस्ट्रारकडून लेखी विचारून घ्यावी.

किंमत त्याहून जास्त असेल, किंवा घरात वाद असेल, तर दिवाणी न्यायालयातून १९२५ च्या भारतीय वारसा कायद्याखाली वारसा प्रमाणपत्र काढावे लागते. मयत जिथे राहत होता तिथले न्यायालय हे काम पाहते. लोणीकरांना त्यासाठी पुण्यालाच जावे लागते. न्यायालय जाहीर नोटीस काढते, कुणाची हरकत असल्यास मागवते, त्यामुळे महिने जातात. महाराष्ट्रात १८२७ च्या मुंबई रेग्युलेशन ८ खालीही न्यायालय वारस दाखला देते. तलाठ्याने केलेला वारसांचा पंचनामा किंवा सातबारावरची वारस नोंद म्हणजे हे प्रमाणपत्र नव्हे. कितीजण तलाठ्याचा कागद कंपनीला पाठवून वर्षभर वाट पाहत बसतात.

वकिलाची फी कुठून आणायची, हा पुढचा प्रश्न. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे अनुसूचित जातीच्या व्यक्तीला आणि कोणत्याही जातीच्या स्त्रीला मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. बौद्धांना अनुसूचित जातीच्या केंद्रीय सवलती १९९० च्या दुरुस्तीने लागू झाल्या, तेव्हा जातीचा दाखला असलेला आपला बांधवही यात येतो. विधवेला तर दुसरा दाखलाही लागत नाही, ती स्त्री आहे एवढे पुरे. पुण्यात शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाची कचेरी आहे. १५१०० हा त्यासाठीचा देशभराचा दूरध्वनी क्रमांक आहे. ही भीक नव्हे, हक्क आहे.

सात वर्षांची मुदत

पेटी उघडायला उशीर झाला तर काय होते, हेही सांगितले पाहिजे. शेअरवर लाभांश येतो. माणूस गेला, चाळ सोडली, पत्ता बदलला, बँकेचे खाते बंद पडले, की लाभांश कुणी घेत नाही. सलग सात वर्षे लाभांश घेतला नाही तर २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १२४ प्रमाणे तो लाभांश आणि ते शेअरसुद्धा केंद्र सरकारच्या गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीकडे जातात.

हे ऐकून लोक कागद फाडून टाकतात. तसे करू नका. शेअर त्या निधीकडे जातात, पण वारसाचा हक्क जात नाही. मधल्या काळात बोनस मिळाला असेल, शेअरचे विभाजन झाले असेल, तर तेही मागता येते. आधी कंपनीकडे आणि रजिस्ट्रारकडे वारस म्हणून आपले कागद मान्य करून घ्यावेत, मग 'आयईपीएफ-५' हा अर्ज संगणकावर भरावा. त्याला सरकारी फी नाही. मात्र वेळ लागतो, कारण कागद आधी कंपनी तपासते, मग निधीचे प्राधिकरण. "तुमचे शेअर सोडवून देतो, निम्मे आम्हाला द्या" म्हणणाऱ्यांचे फोन अशा वेळी येतात. त्यांना सही केलेले कोरे कागद, आधार आणि डीमॅटचा पासवर्ड अजिबात देऊ नये. घरातला शिकलेला मुलगा किंवा मुलगी दोन रविवार बसली तर तो अर्ज भरू शकते.

कंपनीला वेठीला कसे धरावे?

आपले कागद पुरे झाले की मग बोलायची पाळी आपली. सेबीच्या नियमाप्रमाणे सर्व कागद मिळाल्यापासून डीमॅट शेअर ७ दिवसांत आणि कागदी शेअर २१ दिवसांत वारसाच्या नावाने करण्याची प्रक्रिया व्हायला हवी. त्रुटी काढायच्या तर सगळ्या एकदमच कळवाव्यात, असेही सेबीने २०२१ साली रजिस्ट्रारांना बजावले आहे. म्हणून आमचे म्हणणे असे :

पहिले, कंपनीच्या नावाने आणि तिच्या रजिस्ट्रारच्या नावाने एक पत्र लिहून विचारावे, "अमुक फोलिओ क्रमांकाचे शेअरधारक अमुक तारखेला वारले. वारसाच्या नावाने शेअर करण्यासाठी लागणाऱ्या सर्व कागदांची यादी आणि नमुने पाठवावेत. नॉमिनीची नोंद आहे काय, लाभांश किती थकला आहे, हेही कळवावे."

दुसरे, यादी आली की सगळे कागद जमेपर्यंत थांबावे आणि एकाच लिफाफ्यात स्पीड पोस्टाने पाठवावे. मूळ सर्टिफिकेट पाठवण्याआधी दोन्ही बाजूंची झेरॉक्स काढावी. पोस्टाची पावती मरेपर्यंत जपावी म्हटले तरी चालेल.

तिसरे, वारसाचे पॅन कार्ड, आधार आणि बँकेचे पासबुक यांतली नावे आधीच एकसारखी करून घ्यावीत. वारसाच्या नावाने डीमॅट खाते उघडावे, कारण शेवटी शेअर तिथेच जमा व्हायचे असतात. सर्टिफिकेटच हरवले असेल तर पोलीस ठाण्यात हरवल्याची तक्रार नोंदवून तिची प्रत घ्यावी.

चौथे, मुदत उलटली की कंपनीच्या अनुपालन अधिकाऱ्याला लेखी तक्रार करावी. तिथे दाद लागली नाही तर सेबीच्या 'स्कोअर्स' या तक्रार व्यवस्थेत तारखांसह तक्रार नोंदवावी. १८०० २६६ ७५७५ या फुकट क्रमांकावर सेबीची माहिती मराठीतही विचारता येते. तक्रारीत शिवीगाळ नको, रडगाणे नको. कोणत्या तारखेला कोणता कागद दिला आणि कोणत्या तारखेला काय उत्तर आले, एवढेच लिहावे. तारखांपुढे कुणाची बनवाबनवी चालत नाही.

कारखाना आणि पतपेढी

सहकारी संस्थेच्या शेअरला सेबीचा संबंध नाही. तिथे १९६० चा महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम लागू होतो. कलम ३० प्रमाणे सभासद वारला की त्याचा शेअर नॉमिनीच्या नावे, आणि नॉमिनी नसेल तर समितीला जो वारस दिसेल त्याच्या नावे, संस्थेने करायचा असतो. इथेही नॉमिनीचे नाव लागले म्हणून बाकीच्या वारसांचा हक्क बुडत नाही. पतपेढीत वडिलांचे कर्ज बाकी असेल तर ते वजा होते, पण त्याचा हिशोब लेखी मागावा. नुसते "काही निघत नाही" हे उत्तर घेऊन घरी येऊ नये.

थेऊरचा यशवंत कारखाना २०११ साली बंद पडला आणि त्यानंतर वर्षानुवर्षे चिमणी पेटली नाही. "बंद कारखान्याचा शेअर, त्याला काय चाटायचे?" म्हणून अनेकांनी वडिलांचा शेअर तसाच ठेवला. पण कारखाना बंद असला तरी सभासदत्व संपत नाही. कारखान्याची जमीन आहे, देणी आहेत, त्यांचे काय करायचे हे सभासदांच्या सभेत ठरते. २०२४ साली संचालक मंडळाची निवडणूक झाली. ज्यांनी वारस म्हणून नाव लावून घेतले नाही त्यांच्या घरचे मत मयताच्या नावाबरोबर यादीत पडून राहिले. शेअरचे पैसे थोडे असतील, पण सभेत बसण्याचा आणि विचारण्याचा हक्क थोडा नाही. आपल्या आजोबांना जिथे सभेत बसू देत नव्हते, त्याच शिवारात बापाने पैसे भरून तो हक्क मिळवला होता. तो आळसाने घालवू नये. कारखान्याने नोंद करायला टाळाटाळ केली तर शिवाजीनगरच्या साखर संकुलात साखर खात्याकडे, आणि पतपेढीने केली तर तालुक्याच्या उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे अर्ज करावा.

सातबारावरून मयतांची नावे काढून वारसांची लावण्यासाठी महाराष्ट्र सरकारने २०२५ साली 'जिवंत सातबारा' मोहीम राबवली. जमिनीसाठी सरकार दारी आले. शेअरसाठी कुणी दारी येणार नाही. आपल्यालाच जावे लागेल.

आज करायचे काम

हा लेख वाचणाऱ्या प्रत्येक कर्त्या माणसाला आमची विनंती आहे. शंभर पानी एक वही घ्या. तीत आपले शेअर, फोलिओ क्रमांक, डीमॅट खाते, विमा, पतपेढी, बँक, भविष्यनिर्वाह निधी, सगळे लिहा आणि ती वही कुठे आहे हे बायकोला सांगा. लग्नाआधी भावाचे किंवा आईचे नाव नॉमिनी म्हणून दिले असेल आणि नंतर बदलले नसेल तर बदलून घ्या. शक्य असेल तर दोन साक्षीदारांसमोर मृत्युपत्र करा. मृत्युपत्र केल्याने माणूस लवकर मरत नाही, आणि न केल्याने कुणी अमर झालेला आम्ही पाहिलेला नाही.

आणि ज्यांच्या घरी दुःख झाले आहे त्यांनी पुण्यानुमोदनाला सगळे नातलग जमलेले असतानाच तासभर काढावा. भोजनदान झाले की पेटी मधोमध ठेवून सर्वांदेखत उघडावी आणि यादी करावी. आई, बहिणी, सुना सगळ्यांनी ती वाचावी, ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाचून दाखवावी. कुणाचा दाखला कोण काढणार, कंपनीला पत्र कोण लिहिणार, हे त्याच दिवशी ठरवावे. माणसे जमलेली असतात आणि मने हळवी असतात, तेव्हा न्यायाने वागणे सोपे जाते. वर्षभराने तीच माणसे एकमेकांशी वकिलांमार्फत बोलू लागतात, आणि तोवर मुलीच्या फीची तारीख निघून गेलेली असते.